फोटो का फुटतो?

"फोटो तीनशे डीपीआयचा पाठवा." छापखान्यात, फ्लेक्सच्या दुकानात, डीटीपी करणाऱ्याच्या टेबलापाशी हे वाक्य दिवसातून कितीतरी वेळा ऐकू येतं. लग्नपत्रिका असो, संस्थेची स्मरणिका असो, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ असो नाहीतर चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स, मागणी तीच, इंचाला तीनशे कण. समोरचा माणूस मान डोलावतो, घरी जाऊन मोबाइलवरून फोटो पाठवून देतो. छापून येतं तेव्हा चेहऱ्याच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या झालेल्या असतात. छापखानेवाला म्हणतो, "फोटो फुटला." ग्राहक म्हणतो, "मोबाइलवर तर झकास दिसत होता." दोघंही खरंच बोलत असतात. गडबड झालेली असते ती एकाच आकड्यावर विसंबल्यामुळे. कारण तीनशे हा आकडा एका विशिष्ट छपाईतून आलेला आहे, आणि बाकीच्या छपायांना तो कधी अपुरा पडतो, तर कधी अगदीच अनावश्यक असतो.

डिजिटल फोटोला इंचातली लांबी-रुंदी नसते. त्यात असतात फक्त पिक्सेल, म्हणजे रंगाचे बारीक चौकोनी कण. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइल कॅमेऱ्यातून निघालेला फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० पिक्सेल उंच असतो. तो चार इंच रुंद छापला, तर दर इंचात हजार पिक्सेल बसतात. तेरा इंचांवर छापला, तर इंचाला सुमारे तीनशे. दहा फुटी फ्लेक्सवर ताणला, की इंचाला जेमतेम तेहतीस उरतात. फोटो तोच, फाइलही तीच, बदलला तो फक्त छापील आकार. म्हणून किती इंचांवर छापायचा हे सांगितल्याशिवाय 'फोटो तीनशेचा आहे' या म्हणण्याला काही अर्थ नाही.

फाइलच्या तपशिलात ७२ लिहिलेलं असतं किंवा ३००, ती निव्वळ एक नोंद असते. फोटोशॉपमध्ये पिक्सेल न वाढवता ७२ चे ३०० केले, तर फोटोत एका कणाचीही भर पडत नाही. पिक्सेल वाढवून केले, तर संगणक शेजारशेजारच्या कणांच्या मधला रंग अंदाजाने भरतो. फाइल जड होते, पण कॅमेऱ्याने न टिपलेली पापणी त्यातून उगवत नाही. तरीही 'तीनशे करून दिलाय' असं सांगत असे फुगवलेले फोटो रोज छापखान्यात येतात, आणि घाईच्या दिवसांत तसेच प्लेटवरही जातात.

मग हा तीनशेचा आकडा आला कुठून? ते कळायला एक भिंग आणि आजचं वर्तमानपत्र पुरेसं आहे. आतल्या पानावरच्या एखाद्या कृष्णधवल फोटोवर भिंग धरलं, की त्यात करडा रंग कुठेच नसल्याचं दिसतं. असते ती फक्त काळी शाई आणि पांढरा कागद. शाईचे ठिपके सारख्या अंतरावर, ओळीत मांडलेले असतात. केसांच्या जागी ते इतके मोठे असतात की एकमेकांत मिसळून जातात, गालावर मध्यम आणि कपाळावर प्रकाश पडतो तिथे सुईच्या टोकाएवढे. डोळा लांबून त्यांची सरासरी काढतो आणि आपल्याला करडी छटा दिसते. रंगीत फोटोत हेच चार शायांनी होतं, निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी. चौघींच्या ठिपक्यांच्या ओळी वेगवेगळ्या कोनांत ठेवतात, काळ्या शाईच्या ४५ अंशांत आणि बाकीच्यांच्या सहसा १५, ७५ आणि शून्य अंशांत. त्यामुळे भिंगाखाली रंगीत छपाईत बारीक फुलांसारखी वर्तुळं दिसतात. ऑफसेट यंत्राला फिकी शाई, गडद शाई असा फरक करता येत नाही. एखाद्या जागी शाई लावायची किंवा नाही लावायची, एवढंच त्याच्या हातात असतं. बाकी सगळा ठिपक्यांचा खेळ.

या युक्तीला हाफटोन म्हणतात. फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या हेन्री फॉक्स टॅल्बॉट यांनी इंग्लंडमध्ये १८५२ साली, विणलेल्या कापडाच्या जाळीतून फोटो धातूवर उतरवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक' या वर्तमानपत्राने तिथल्या झोपडवस्तीचा फोटो हाफटोनमध्ये छापला. दोनच वर्षांनी जर्मनीत गेऑर्ग माइझेनबाख यांनी या पद्धतीला व्यवहारात चालेल असं रूप दिलं. या कामात भारतीय हातही मोठा आहे. कोलकात्याचे उपेंद्रकिशोर राय चौधुरी, म्हणजे सत्यजित राय यांचे आजोबा, आपली चित्रं लाकडी ठशांवरून वाईट छापली गेल्यामुळे अस्वस्थ झाले. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा आणि साहित्य मागवलं, स्वतःच्या बळावर हाफटोनचा अभ्यास केला आणि ठिपका कसा तयार होतो याचं गणित मांडलं. मुद्रण व्यवसायात मानाच्या समजल्या जाणाऱ्या 'पेनरोज' वार्षिकाने त्यांचे लेख छापले. चांगली छपाई व्हावी म्हणून एका चित्रकाराने एवढा खटाटोप करावा, ही गोष्ट आजही प्रत्येक मुद्रकाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

महाराष्ट्रात त्याच काळात एक वेगळी वाट चालू होती. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे शिळाछपाई होती. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा, आणि छटेसाठी कारागिरांनी हाताने दिलेले ठिपके. त्या ठिपक्यांना ठरावीक ओळ नव्हती, ठरावीक अंतर नव्हतं. म्हणूनच आज जुन्या बाजारात 'अस्सल रविवर्मा' म्हणून लक्ष्मी किंवा सरस्वतीचं चित्र कुणी दाखवलं, तर जाणकार आधी खिशातून भिंग काढतो. ठिपके ओळीने शिस्तीत उभे असले, तर ती नंतरची ऑफसेटची नक्कल. ते दाणेदार, आडवेतिडवे विखुरलेले असले, तर पुढे बोलायला हरकत नाही.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली. ऑफसेट येण्याआधीची कित्येक दशकं या अंकांतले आणि इतर मराठी नियतकालिकांतले फोटो जस्ताच्या किंवा तांब्याच्या ब्लॉकवरून छापले जात. ब्लॉक करायला देताना संपादकाला एक गोष्ट सांगावीच लागे, ती म्हणजे स्क्रीन किती. इंचाला ६५ ओळी की १३३? खरखरीत कागदावर बारीक स्क्रीनचे ठिपके एकमेकांत मिसळून फोटोचा काळा डाग व्हायचा, म्हणून वर्तमानपत्राला जाडी स्क्रीन. बारीक स्क्रीन हवी असेल, तर कागद गुळगुळीत हवा. जुनी चरित्रं किंवा प्रवासवर्णनं उघडली, तर साध्या पिवळसर पानांच्या मध्येच दोन-चार चकचकीत पानं चिकटवलेली दिसतात आणि सगळे फोटो त्यांवरच असतात. हौस म्हणून ती पानं घातलेली नसत. कागद पाहून स्क्रीन, आणि स्क्रीन पाहून फोटो, हा हिशेब त्या पिढीतल्या प्रत्येक मुद्रकाला तोंडपाठ होता.

आजचं गणित त्याच हिशेबावर उभं आहे. ठिपक्यांच्या ओळी इंचाला जितक्या, त्याच्या दीडपट ते दुप्पट पिक्सेल फोटोत असावेत. आर्ट पेपरवरचं मासिक किंवा माहितीपत्रक सहसा १५० ओळींच्या स्क्रीनवर छापतात. त्याची दुप्पट तीनशे. म्हणजे तीनशे हा आकडा आर्ट पेपरवरच्या ऑफसेट छपाईचा, आणि तोही जरा हात सैल ठेवून काढलेला. फोटोत फार बारीक तपशील नसेल, तर अशा छपाईत सव्वादोनशेनेही भागतं. चित्रकाराच्या कामाचं देखणं पुस्तक १७५ किंवा २०० ओळींवर काढायचं असेल, तर साडेतीनशे-चारशेची मागणी रास्त आहे. दीडशे ओळींच्या छपाईसाठी सहाशेचा फोटो दिला, तर जास्तीचे पिक्सेल प्लेट बनण्याआधीच गाळले जातात. फाइल मात्र चौपट जड होते आणि प्लेटचं काम रेंगाळतं.

इथे आणखी एक आकडा मध्ये येतो आणि पुष्कळांना गोंधळात टाकतो. संगणकावरून थेट प्लेट बनवणारं सीटीपी यंत्र प्लेटवर इंचाला २४०० बिंदू उमटवतं, मग फोटोही २४०० चा हवा का? नको. हाफटोनचा एक ठिपका त्या बारीक बिंदूंचा मिळून बनतो. २४०० ला १५० ने भागलं की १६ येतात, म्हणजे एका ठिपक्याच्या घरात आडवे सोळा आणि उभे सोळा असे २५६ बिंदू. त्यातले किती भरायचे यावर छटा ठरते. यंत्राचे २४०० खर्च होतात ते छटा बनवण्यात, तपशिलात नव्हे. दुकानातल्या इंकजेट प्रिंटरच्या खोक्यावर छापलेला १४४० किंवा ४८०० चा आकडाही त्याच जातीचा असतो. तो शाईच्या थेंबांचा हिशेब आहे. त्या प्रिंटरलाही फोटो अडीचशे-तीनशेचा पुरतो.

वर्तमानपत्राची तऱ्हा वेगळी. न्यूजप्रिंट स्वस्त, पातळ आणि शाई पिणारा कागद. त्यावर इंचाला शंभराच्या आसपास ओळी बसतात, म्हणून फोटो दीडशे ते दोनशेचा असला की झालं. कागदात शाई पसरते आणि ठिपका फुगतो. अर्धी जागा व्यापायला काढलेला ठिपका छापून होईपर्यंत पाऊण जागा व्यापून बसतो. संगणकावर छान दिसणारा सावळा चेहरा पेपरात काळवंडतो तो यामुळेच. अशा वेळी जास्त पिक्सेल देऊन काही साधत नाही. फोटो आधी उजळून घ्यावा लागतो, आणि हे काम जाणत्या माणसाच्या हातूनच व्हावं. सावळ्या चेहऱ्यांच्या देशात ते दुर्लक्षून चालणार नाही.

आता एक फोटो घेऊन हा हिशेब पुढे नेऊ. बँक भरतीच्या ऑनलाइन अर्जात उमेदवाराचा फोटो २०० पिक्सेल रुंद आणि २३० पिक्सेल उंच मागतात, २० ते ५० केबीच्या आत. संगणकावर, मोबाइलमध्ये बऱ्याच घरांत माणसाचा 'चांगला फोटो' म्हणून तेवढाच जपून ठेवलेला असतो. पुढे काही बरंवाईट घडलं, सत्कार असो वा निधन, की तोच फोटो बाहेर येतो. वर्तमानपत्रात एक इंच रुंदीच्या चौकटीत तो छापला, तर इंचाला दोनशे पिक्सेल मिळतात आणि तो स्वच्छ उमटतो. तोच स्मरणिकेच्या आर्ट पेपरवर पाच इंच रुंद लावला, की इंचाला चाळीस पिक्सेल राहतात आणि चेहरा धुकट, चौकटी-चौकटींचा होतो. आर्ट पेपरवर तीनशेच्या हिशेबाने त्या फोटोची ऐपत जेमतेम सतरा मिलिमीटर रुंदीची आहे, म्हणजे बोटाच्या नखाएवढी. आणि श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तो पाच फूट रुंद ताणला, तर इंचाला तीन-साडेतीन पिक्सेल. तो चेहरा नीट ओळखू यायला माणसाला नव्वद फूट मागे जावं लागेल, आणि फ्लेक्स तर घराच्या दारात लावलेला असतो.

हे नव्वद फूट अंदाजाने काढलेले नाहीत. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. पुस्तक वाचताना ते फूटभर अंतरावर असतं. तिथून इंचाला तीनशेच्या जवळपास कण असले, की ते वेगळे दिसणं थांबतं. अंतर दुप्पट झालं की लागणारे पिक्सेल निम्मे. म्हणून एक सोपा हिशेब लक्षात ठेवता येतो. माणूस जितके फूट लांबून बघणार, तितक्याने तीनशेला भागायचं. दहा फुटांवरून बघायच्या फलकाला इंचाला तीस पिक्सेल, तीस फुटांवरून बघायच्या होर्डिंगला फक्त दहा.

हा हिशेब न करता ४० फूट बाय २० फुटांचं होर्डिंग 'तीनशेने' करायचं म्हटलं, तर हजार कोटींहून अधिक पिक्सेलची फाइल लागेल. चार रंगांत ती ४० जीबीच्या पुढे जाईल आणि दुकानातला संगणक मान टाकेल. तेच होर्डिंग रस्त्यापलीकडून, तीस फुटांवरून बघायचं आहे हे ध्यानात घेतलं, तर ४८०० बाय २४०० पिक्सेल पुरतात, म्हणजे बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलच्या कुवतीच्या जवळपास. ॲपलने २०१५ मध्ये जगभरातल्या शहरांत आयफोन ६ ने काढलेले फोटो मोठमोठ्या फलकांवर लावले. त्या फोनचा कॅमेरा आठ मेगापिक्सेलचा, फोटोची रुंदी ३२६४ पिक्सेल. चाळीस फुटी फलकावर पसरलं तर इंचाला सातसुद्धा पूर्ण येत नाहीत. तरी रस्त्यावरून जाणाऱ्यांना ते फोटो देखणे दिसले, कारण बघणारा लांब होता आणि फोटो मुळात नेमके काढलेले होते.

फ्लेक्सवाल्यांची अडचण मात्र दुहेरी आहे. आपल्याकडे एकच फ्लेक्स चौकात वरही लागतो आणि मांडवात खुर्च्यांच्या शेजारीही. मांडवातला फ्लेक्स माणसं तीन फुटांवरून बघतात, त्यावर हात ठेवून फोटो काढतात. तिथे इंचाला शंभर तरी पिक्सेल हवेत. प्रदर्शनातल्या स्टँडीला, संग्रहालयातल्या माहितीफलकाला तर दीडशे. कॅनव्हासवर काढलेल्या चित्राच्या प्रतीला दीडशे-दोनशे पुरतात, कारण कापडाची वीणच बारीक तपशील गिळते. अक्षरं आणि बोधचिन्हं मात्र कुठल्याही आकारात कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटरच्या व्हेक्टर रूपातच असावीत. त्यांत पिक्सेल नसतात, रेषांची सूत्रं असतात. ती टाचणीएवढी छापा नाहीतर इमारतीएवढी, कडा धारदारच राहते. देवनागरीला हे जास्तच लागू आहे. रफार, अनुस्वार, जोडाक्षरातली बारीक गाठ, शिरोरेषेचं टोक हे पिक्सेलमध्ये ताणलं, की आधी तेच विरघळतं. मंडळाचं नाव फोटोत बसवून जेपीजी करून पाठवणं म्हणजे त्या नावाचे हाल करणं आहे.

फोटो स्टुडिओच्या लॅबमध्ये ठिपक्यांचा प्रश्नच येत नाही. तिथे रासायनिक कागदावर प्रकाशाने सलग छटा उमटते. यंत्रं इंचाला तीनशेच्या आसपास चालतात, म्हणून चार बाय सहा इंचांच्या प्रतीला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरे. पण लग्नाच्या अल्बमचं बारा बाय छत्तीस इंचांचं जोडपान एकाच फोटोने भरायचं असेल, तर लांबी १०,८०० पिक्सेल होते. एवढे पिक्सेल बहुतेक कॅमेऱ्यांतून एका फोटोत निघत नाहीत. जाणता डिझायनर अशा पानावर दोनशेवर समाधान मानतो, आणि ते योग्यच आहे. अल्बम मांडीवर घेऊन बघतात तेव्हा छत्तीस इंच एका नजरेत मावत नाहीत, पण पान दीड-दोन फुटांवर असतं, आणि तेवढ्या अंतराला दोनशे भरपूर होतात.

गणपती मंडळांचे टी-शर्ट छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला तर याच्याही खाली यावं लागतं. चौकटीवर ताणलेल्या जाळीतून स्क्वीजी नावाच्या रबरी पट्टीने शाई कापडावर उतरते. कापडाची वीण जाडी, शाईही घट्ट. इंचाला ४५ ते ५५ ओळींपेक्षा बारीक ठिपका तिथे धड टिकत नाही, आणि जाळीचे धागे ओळींच्या चौपट तरी असावे लागतात, नाहीतर ठिपका धाग्याआड जातो. दीडशेचा फोटो अशा कामाला पुष्कळ झाला. खाऊच्या पाकिटांची ग्रॅव्हियर छपाई निराळ्याच रीतीची. तिथे तांब्याचा मुलामा दिलेल्या सिलिंडरवर हिऱ्याच्या टोकाने लाखो बारीक खड्डे कोरतात आणि शाई त्या खड्ड्यांतून प्लास्टिकवर जाते. फोटो अतिशय मऊ, भरीव दिसतो, पण अक्षरंही खड्ड्यांनीच बनत असल्याने बिस्किटाच्या पुड्यावरच्या बारीक मजकुराच्या कडा भिंगाखाली करवतीसारख्या दिसतात. तीनशेचा फोटो तिथे छान चालतो, पण पाच पॉइंटचं उलटं, म्हणजे रंगीत पार्श्वभूमीवरचं पांढरं अक्षर भरून जातं.

रेषाचित्रांचा नियम या सगळ्याच्या उलट आहे, आणि दिवाळी अंकांत सर्वाधिक चुका इथेच होतात. व्यंगचित्र, सही, हस्ताक्षरातलं पत्र, जुना नकाशा यांत मधल्या छटा नसतात. काळी रेष आणि पांढरा कागद. ठिपक्यांत मोडण्याची गरज नसल्याने यंत्राची सगळी बारकाई रेषेच्या कडेला मिळू शकते, आणि डोळाही छटेपेक्षा कडेबाबत जास्त चोखंदळ असतो. म्हणून रेषाचित्र छापील आकाराला किमान ६००, शक्यतो १२०० ने, निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करावं. तीनशेच्या जेपीजीत व्यंगचित्र दिलं, की चित्रकाराची वेगवान, लवचिक रेष करड्या ठिपक्यांत विरते. रेषेचं सामर्थ्य बघायचं असेल, तर भिंग पाचशेच्या नोटेवर धरावं. नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे, आणि नोटेवरचं गांधीजींचं चित्र उठावाच्या छपाईने रेषांनी उभं केलेलं आहे. तिथल्या सूक्ष्म अक्षरांत 'भारत' हा शब्द वाचता येतो. साध्या फोटोकॉपीवर तो शब्द ठिपक्यांत हरवतो, आणि ती तजवीज मुद्दाम केलेली आहे.

जुने कौटुंबिक फोटो स्कॅन करताना हिशेब मोठेपणाच्या प्रमाणात वाढतो. तीन इंची फोटो नऊ इंची छापायचा, म्हणजे तिप्पट. तेव्हा तीनशेच्या तिप्पट, नऊशेने स्कॅन करावा. पस्तीस मिलिमीटरची निगेटिव्ह अठरा इंचांची करायची असेल, तर स्कॅनर चार हजारांच्या आसपास चालवावा लागतो. जुन्या मासिकातला छापील फोटो स्कॅन केला, तर वेगळंच संकट येतं. त्यातले जुने ठिपके आणि नव्या छपाईचे ठिपके एकमेकांशी झगडतात आणि चेहऱ्यावर चटयांसारखी नक्षी उमटते. तिला मॉयरे म्हणतात. त्यासाठी स्कॅनरमध्ये डीस्क्रीनची सोय असते, ती वापरावी. जास्त पिक्सेलने स्कॅन करून, किंचित धूसर करून मग आकार कमी केला, तरी बराच फरक पडतो. मूळ प्रत मिळत असेल, तर मात्र छापील फोटोच्या वाटेला जाऊच नये.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधनं छोटा फोटो मोठा करून देतात. डोंगर, इमारत, साडीचा पदर यांना ती कधीकधी उत्तम वठवतात. पण माणसाच्या चेहऱ्यात ती जे भरतात, ते त्या माणसाचं नसतं. इतर असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेली भुवई, नाकपुडी, ओठाची मुरड ती बसवतात. गौरवग्रंथात छापायच्या आजीच्या फोटोत परकी बाई डोकावते, आणि घरच्यांना काय बिघडलंय हे सांगता येत नाही, पण 'ही आपली आजी नाही' हे जाणवतं. अशा वेळी फोटो लहान छापणं हाच प्रामाणिक उपाय आहे. पानभर तकलादू चेहऱ्यापेक्षा दोन इंचांचा खरा चेहरा पुस्तकाची शान वाढवतो. संपादकांनी आणि मुद्रकांनी हे ग्राहकाला ठामपणे सांगायला हवं.

उरला सगळ्यात मोठा गुन्हेगार, फोटो पाठवण्याची रीत. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेत आवळला जातो आणि मोठी बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. तीनशेच्या हिशेबाने ते पाच-सव्वापाच इंच झाले. तोच फोटो तीन जणांकडून फिरून आला, की प्रत्येक वळणावर जेपीजीचं आवळणं त्यात आणखी खुणा सोडतं. २०२३ मध्ये आलेल्या एचडीच्या सोयीने आकार वाढला, तरी आवळणं थांबलं नाही. फेसबुकवरून उतरवलेला फोटो, स्क्रीनशॉट, भिंतीवरच्या तसबिरीचा मोबाइलने तिरका काढलेला फोटो यांची गतही तीच.

म्हणून छपाईला द्यायचा फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा ईमेलने, मूळ फाइल न बदलता द्यावा. ऑर्डर देण्याआधी छापखान्याला विचारावं की कागद कोणता, स्क्रीन किती ओळींची आणि फोटो किती इंचांचा छापणार. फ्लेक्स असेल, तर तो किती फुटांवरून बघायचा ते त्यांना सांगावं. आणि घरातल्या थोरांचा एक तरी नीट फोटो आजच, भरपूर उजेडात, मोबाइलच्या मूळ दर्जात काढून संगणकावर जपून ठेवावा. अर्जापुरता ५० केबीचा करायचा असेल, तेव्हा तो मूळ फाइलवर नव्हे, तिच्या प्रतीवर करावा.